झेफेरिनोने सरळ केलेला खांब

झेफेरिनो आणि मी पोर्तुगालमधल्या एव्होराजवळच्या ग्रॅनाइटच्या खाणीत एकतीस वर्षं बरोबर होतो. त्याच्या हातचा दगड कधी परत आला नाही. बायको गेल्यावर त्याने बोलणं जवळजवळ सोडलं. काम सोडलं नाही.

गावाबाहेर बुचाच्या झाडांत जुनी अंता आहे. उभ्या शिळा, वर छपराची शिळा. हजारो वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांची खोली. दार उगवतीला. दाराचा डावा खांब कधीचा आडवा पडला होता. त्याची बायको गेली त्याच वर्षी तो उभा करायचं काम आम्हाला मिळालं. तीन टन दगड, सहा माणसं, चार दिवस. खांब खड्ड्यात दारापासून बाहेरच्या अंगाला झुकून बसू लागला. झेफेरिनोने तळाशी दगडाच्या चिपा ठोकल्या, ओळंबा लावला, खांब सुतात आणला. गावाने वाखाणलं. त्या वर्षात तो तेवढा एकदा हसला.

तीन वर्षांनी लिस्बनहून इझाउराबाई आल्या. अंतांची दारं आणि सूर्याची उगवती जुळते का, हे मोजणं त्यांचं काम. मार्चमधल्या एका सकाळी आम्ही दोघं त्यांच्याबरोबर उभे होतो. सूर्य वर आला. डाव्या खांबाची सावली आत पडली, मागची शिळा काळीच राहिली.

"मेस्त्री, हे बांधणाऱ्यांचा नेम चुकला म्हणायचा," बाई म्हणाल्या. "तसंच लिहिते."

झेफेरिनोने तोंड उघडलं. मी त्याला कोपर मारलं. "गप्प बस की रे. इथं कोण बघायला येतंय?"

"त्यांचा नाही चुकला, बाई," तो म्हणाला. "त्यांनी खड्डाच तिरका खणला होता. मी खांब सरळ केला."

"कशासाठी?"

"वाकडा ठेवून घरी कसा जाणार?"

खांब परत झुकवायच्या परवानगीला अकरा महिने लागले. चिपा त्याने स्वतःच काढल्या, पहारीने, एकेक. वय एकोणसत्तर. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. खांब वीतभर झुकला आणि खड्ड्यात घट्ट बसला. "डोळे गेले काय रे मेस्त्री?" ते बघून गावातला कॉफीवाला बाप्तिस्ता ओरडला. "हो," झेफेरिनो म्हणाला.

पुढच्या मार्चमध्ये ऊन आत गेलं. मागच्या शिळेवर तीन बोटं रुंद पट्टा पडला. बाईंनी हाक मारली. झेफेरिनो आत गेला, पाहिलं, बाहेर आला.

"काय रे?" मी विचारलं.

"खांब वाकडा दिसतो," तो म्हणाला.