दिनेशच्या वाट्याची गोळी

डिंपल पचारे नागपूरहून शिकून परत आली, तेव्हा लोकांनी तिची चांगलीच फिरकी घेतली. ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीत ती आधीही बसायची आणि आताही तिथंच बसली. मग मधली दोन वर्षं हिनं कुठं घातली, असा प्रश्न रांगेतल्या लोकांना पडला. "गोळ्या द्यायले बी कालेज लागते काय, बाई?" असं एकानं तोंडावरच विचारलं. तिचे वडील मनसाराम ब्रह्मपुरीकडच्या एका गावात तळ्यावर मासे धरणारे ढिवर. ते मात्र भेटेल त्याला सांगत सुटले होते, की पोरगी अर्धी डॉक्टर झाली. अर्धी म्हणजे नेमकी कोणती अर्धी, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही ते सांगता आलं नसतं.

ती डॉक्टर झाली नव्हती आणि तिला व्हायचंही नव्हतं. तिचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता औषधयोजनेचा. कुठलं औषध कुणाला, किती द्यायचं, कशाबरोबर चालतं आणि कुणाच्या जिवावर बेततं, ते सगळं त्यात आलं. औषध लिहून द्यायचा अधिकार डॉक्टरचाच. पण लिहिलेलं तपासायचं, खटकलं तर थांबवायचं आणि बदल सुचवायचा, हे काम तिला तिथं वॉर्डात फिरवून फिरवून शिकवलं. शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम भारी कडक. कुणी म्हणालं की पेशंटला औषध लागू पडत नाही, की त्या त्याला तसंच खाटेपाशी परत धाडायच्या. औषध पोटात गेलं का ते आधी विचारून ये, म्हणायच्या. डिंपलला तेव्हा त्यांचा राग यायचा.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत दिनेशची चिठ्ठी खिडकीवर आली. दिनेश हा आत जंगलातल्या गावचा, विशीतला, सिकलसेलचा पेशंट. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि माणूस हाडं धरून ओरडत सुटतो. त्याची आई सोमारी दर महिन्याला जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची आणि त्याच्या गोळ्या न्यायची. महिना काही चुकला नव्हता. तरी दिनेश पुन्हा पुन्हा भरती होतच होता. म्हणून डॉक्टर सुरेंद्र यांनी गोळी वाढवून लिहिली होती. डॉक्टर कामाचा माणूस होता, आणि त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

डिंपलनं चिठ्ठीसोबतचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. ही गोळी नेमानं घेतली, तर काही महिन्यांत तांबड्या पेशी आकारानं मोठ्या होतात. दिनेशच्या पेशी होत्या तेवढ्याच होत्या. ती चिठ्ठी घेऊन उठली आणि डॉक्टरांकडे गेली.

"सर, एवढ्यात वाढवू नका. मले वाटते, तो गोळ्या खाऊनच नाई राह्यला."

"अहो, त्याची आई तर न चुकता नेते."

"नेते ना. घरी काय होते ते पाहून येतो. तोवर थांबा."

डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली आणि बाजूला ठेवली. "जाऊन या," ते म्हणाले.

सोमारीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. तिनं डिंपलला खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं. खिडकीतली बाई आपल्या घरी आली, याचा तिला कोण आनंद झाला होता. दिनेश रोज गोळी खातो ना, असं डिंपलनं विचारलं.

"खाते ना. त्याचा वाटा आला का खाते."

"वाटा? कशाचा वाटा?"

"हाडं दुखायची गोळी हाय ना ती? मंग हाडं का एकट्या दिनेशचीच दुखते? त्याच्या बापाचे गुडघे धरते. एक दिवस बापाले. सुनेची कंबर धरते, एक दिवस तिले. एकानंच खावाचं अन् बाकीच्यानं त्याच्या तोंडाकडे पाहाचं, अशी रीत नाई आमची."

तिच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात नव्हती. त्या गावात पोळं उतरवलं, तर मध घरोघरी जातो आणि नाल्यात मासे सापडले, तर त्यांचे वाटे पडतात. चांगल्या घरात वागतात तशीच ती वागली होती. डॉक्टरांनी डोस वाढवला असता, तर तिनं वाटेही तसेच मोठे केले असते. तिच्यावर रागवायचं तरी कशावरून?

तेवढ्यात सून दुर्गा हंडा घेऊन आली. दुर्गाला दिवस गेले होते. तिसरा महिना आहे, असं सोमारीनं कौतुकानं सांगितलं. पोटातल्या जिवाची वाढ होत असताना ही गोळी कधीच द्यायची नसते.

डिंपल सोमारीला गोठ्याकडे घेऊन गेली आणि तिनं सगळं हळूहळू सांगितलं. सोमारीचा थोरला मुलगा इसरू, म्हणजे दुर्गाचा नवरा, गडचांदूरला सिमेंटच्या कामावर होता.

"सुनेले सांगू नको, बाई," सोमारीनं तिचा हात धरला. "दुर्गा इसरूले सांगन. माहं पोरगं माहं तोंड नाई पाहणार मंग."

न सांगणं सोपं होतं. कंबरेसाठी तपासणी करू, एवढं म्हणून दुर्गाला दवाखान्यात नेता आलं असतं. डिंपलच्या मनात ते येऊन गेलं, आणि म्हातारीची दयाही आली. पण पोट दुर्गाचं होतं.

"मी नाई सांगत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. पण आत्ताच, माह्यासमोर."

सोमारीनं गोंडीत सांगितलं. डिंपलला गोंडी येत नव्हती, तरी सोमारी आपल्याच छातीवर थापा मारत होती, एवढं तिला दिसत होतं. दुर्गानं सगळं ऐकून घेतलं, पोटावर हात ठेवला आणि सासूकडे न पाहता डिंपलला विचारलं, "लेकरू वाचन ना?"

"आजपासून ती गोळी बंद कर. उद्या तपासाले चल. असं झालेल्या कित्येक बायांची लेकरं चांगली झाली. काहींची नाई झाली. तुह्यं काय होईन, ते मले माहीत नाई."

दुसऱ्या दिवशी दुर्गा दवाखान्यात आली. सासरा मंगरूही आला. त्या गोळीनं काही बिघडलं का म्हणून त्याचं रक्त तपासलं आणि गुडघ्यांसाठी त्याला वेगळं औषध दिलं. डॉक्टर सुरेंद्र यांनी दुर्गाला सोनोग्राफीला पाठवलं. बाळाचे ठोके लागत होते. त्या दिवशी डिंपलला घास गोड लागला. दिनेश आता रोज आपली गोळी घेत होता आणि त्याचं दुखणंही उतरणीला लागलं.

पण पाऊस लागायच्या आतच दुर्गाचा गर्भ पडला.

त्यानंतर सोमारी खिडकीवर आली तेव्हा दुर्गा तिच्या मागं उभी होती, सुकलेली, पदर घट्ट लपेटून. रांग सरेपर्यंत सोमारी बाजूला थांबली. मग जाळीला तोंड लावून तिनं विचारलं, "माह्या हातानं झालं का, बाई?"

नाही म्हणावं, असं डिंपलला फार वाटलं. एका शब्दात म्हातारीची सुटका झाली असती. अशी गोळी पोटात गेली नसली, तरी कितीतरी बायकांचं असं होतं, हे खोटंही नव्हतं. पण खरं तेवढंच नव्हतं.

"मले माहीत नाई, बाई. गोळीनं झालं असन, नसन बी. कोणालेच सांगता येणार नाई."

"एवढी शिकून आली, अन् माहीत नाई म्हणते?"

"शिकली म्हणूनच म्हणून राह्यली." सोमारीनं पदर तोंडात धरला.

डिंपलनं दिनेशच्या महिन्याच्या गोळ्या काढल्या आणि पाकीट खिडकीतून पुढं केलं. सोमारी विस्तव पाहिल्यासारखी मागं सरली.

"माह्या हाती देऊ नको. दुर्गाच्या हाती दे. आता मी कोणाले काही देत नाई."

दुर्गा पुढं आली. तिनं पाकीट घेतलं आणि क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं सासूची मूठ धरली, एकेक बोट उघडलं आणि पाकीट तिच्या तळहातावर ठेवलं.

"तूच दे, आई," ती म्हणाली. "दिनेश दुसऱ्या कोणाच्या हातची खात नाई."