बाबांच्या गाडीची डिकी

बाबांच्या गाडीच्या डिकीचं कुलूप बिघडलं तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, केस पिकायला लागले, तरी ते कुलूप तसंच. किल्ली घातली की नुसती गोल गोल फिरायची. उघडायची कला एकट्या बाबांकडे. नंबरप्लेटखाली गुडघ्याने रेटा द्यायचा, किल्ली अर्ध्यावर धरायची आणि कुलपाच्या जरा वर मूठ मारायची. एकच. जोरात मारली तरी उघडायची नाही, हळू मारली तरी नाही.

गाडी बाबा भाड्यावर चालवायचे. रोह्याहून कंपनीतल्या माणसांना सोडणं, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती आणणं. मूर्ती कधी डिकीत ठेवली नाही त्यांनी, पुढच्या सीटवर, कुणाच्या तरी मांडीवर. डिकीत फक्त बोचकी. गिऱ्हाईक सामान काढायला मागे गेलं की बाबा ओरडायचे, "हात लावू नका, ती माझंच ऐकते!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किती वेळा सांगितलं, बाबा, कुलूप बदला एकदाचं. तर म्हणायचे, चालतंय ना? मग कशाला?

त्या शुक्रवारी मी शाळेतून आले ती वैतागूनच. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायचा होता. बाबा खाली गाडीत डोकं घालून बसले होते. मला बघून हाक मारली, "इकडं ये गो. डिकीची तुझ्यापुरती सोय करून ठेवलीय. दाखवतो."

"तुमच्या सोयी तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं. "दोन मिनिटंसुद्धा नाहीत मला. नवीन कुलूप आणा, नाहीतर भंगारात घाला ती गाडी."

त्यांनी पुन्हा गाडीत डोकं घातलं. रविवारी सकाळी गाडी धुताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाडी तशीच बिल्डिंगखाली, निम्मी ओली, डिकी सताड उघडी.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. आमच्यात अस्थींचं मडकं घरात घेत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात. पण आमची रोह्याजवळ वरश्यातली बिल्डिंग, तिथं एकच बदामाचं झाड, त्याच्याखाली पोरांचं क्रिकेट. काका म्हणाले, "गाडीत ठेव. त्यांचीच गाडी, बरं वाटेल त्यांना." मी पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं डिकीत स्टेपनीला टेकवून ठेवलं आणि झाकण आपटलं. जाणूनबुजून नाही. रोज रिक्षाचं, कपाटाचं, कशाचंही दार मी आपटतेच. बाबा असते तर म्हणाले असते, आपटू नको गो.

त्यानंतर डिकीकडे कुणी गेलंच नाही.

दहाव्याला पेणला जायचं होतं, बाबांचं गाव तिकडचं, अस्थी भोगावतीतच सोडायच्या असं त्यांचं पहिल्यापासून म्हणणं. गाडी मीच चालवली. शेजारी आई, मागे काका. नदीवर भटजी वाट बघत होते. काकांनी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काही इच्छा राहिली नव्हती हो त्यांची, कुणीतरी म्हणालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी अस्थी आणायला गाडीकडे गेले.

किल्ली फिरली. फिरतच राहिली.

गुडघा लावला, मूठ मारली. बाबांसारखी, मग माझ्यासारखी. काकांनी मारून बघितलं. भटजींनी घड्याळ बघितलं, त्यांना दुसरीकडेही जायचं होतं. "आज दहावा, आजच सोडायला हव्यात," ते म्हणाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला मला, भर नदीकाठी. जन्मभर एक कुलूप बदललं नाही आणि आता स्वतःच आत अडकून बसले!

नाक्यावरचा पंक्चरवाला आला. त्याने पान्याने ठोकून बघितलं, वाकून बघितलं. "ताई, छिन्नी घालतो," तो म्हणाला. "पत्रा जाईल, पण उघडेल."

तोवर आई लांब पायरीवर बसून होती. ती उठून आली आणि डिकीवर हात ठेवून उभी राहिली.

"घाव घालायचा नाय," ती म्हणाली. "ते आत हायेत."

पंक्चरवाल्याने छिन्नी खाली ठेवली. काकांनी तोंड फिरवलं. मला रडू आलं नाही, लाज वाटली.

"मग मागची सीट काढून आतून हात घालू," तो म्हणाला आणि मागच्या दारातून आत शिरला. सीट उचलली आणि थांबला. "ताई, हे काय हाय?"

सीट आणि पाठ यांच्या फटीत निळी नायलॉनची दोरी होती. मागचं टोक सीटमागच्या पुठ्ठ्याच्या भोकातून डिकीत गेलेलं. पुढच्या टोकाला फास केलेला, तीन बोटं जातील एवढा, आणि त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. हाताला काचू नये म्हणून. पट्टी नवी कोरी होती. बाबांच्या हाताला घट्टे होते, त्यांना पट्टीची गरज नव्हती.

मी फासात बोटं घातली आणि ओढली. मागे खट् झालं आणि डिकी आपोआप वर आली. मडकं जागच्या जागी होतं, स्टेपनीला टेकून. शेजारी त्यांचं गाडी पुसायचं फडकं, वाळून कडक झालेलं.

अस्थी सोडल्या. भटजी वेळेत गेले. पंक्चरवाल्याने पैसे घेतले नाहीत, सीट मात्र नीट बसवून दिली आणि जाताना म्हणाला, "सोय ज्यानं केली त्यानं डोकं लावलंय."

आई पदराने हात पुसत होती. तिने दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शुक्रवारी दिवसभर तेच करत होते," ती म्हणाली. "जेवायलाबी वर आले नाय. तुला दाखवली नाय का गो त्यांनी?"

"दाखवली होती," मी म्हटलं. "मीच विसरले."

आईचा विश्वास बसला. बरं झालं, दाखवून तरी गेले, असं म्हणून ती गाडीत बसली. मी डिकी लावली, हळू, दोन्ही हातांनी दाबून.