पिठलं आलं त्या दुपारी

शेजारीण पातेलं घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी गॅसवर सुके बोंबील भाजत होते. तिच्यामागे आणखी दोघी होत्या. तिघींनी चपला बाहेर काढल्या. पातेल्यावर ताट झाकलेलं होतं, पण वासावरून कळलं. पिठलं-भात.

आमच्या चाळीत पिठलं-भात कोणी असाच आणून देत नाही. ज्या घरात मयत होतं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात. मी स्वतः किती घरांत नेलाय ते आता आठवत नाही.

"कोण गेलं?" मी विचारलं.

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणजे आमच्याच घरातलं. घरात आम्ही तिघंच. मी तर उभी होते. सुनेचा तासाभरापूर्वी फोन आला होता, दादरला पाणी भरलंय, चालत निघते म्हणून. राहिला मुलगा.

"काकी, तुम्ही टीव्ही नाही बघितला?" शेजारीण म्हणाली.

नव्हता बघितला. सकाळपासून दिवस चांगला चालला होता, त्यात टीव्ही कशाला? आमच्या भोईवाड्यात पावसाने इतका जोर धरला होता की गल्लीत कोणी ओरडत नव्हतं. संडासाला रांग नव्हती, कारण तिथे जाताना गॅलरीत भिजायला होतं. माझ्याकडे छत्री आहे. मी दोनदा जाऊन आले. पेपर भिजून आला होता, तो कोमट तव्यावर एकेक पान टाकून वाळवला आणि वाचला. मी चौथी शिकले, पण पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचते. एका पानावर लहान मुलांच्या तापावर नवी लस निघाल्याचं होतं. दुसऱ्या पानावर तेवढ्याच वयाची मुलं बॉम्बखाली मेली होती. मी दोन्ही वाचलं आणि गवती चहा घालून चहा प्याले. मग मे महिन्यात घेऊन ठेवलेले बोंबील काढले. पावसात ताजी मासळी मिळत नाही, आणि मिळाली तरी बोंबील भाजण्याची मजा तिला नाही.

मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. त्याचं जहाज कुठल्या समुद्रात आहे हे सगळ्या चाळीला माहीत होतं, कारण मीच सांगत फिरायचे. जहाजाचं नावसुद्धा सगळ्यांना पाठ. चूक झाली ती तिथेच.

शेजारणीने टीव्ही लावला. वरच्या भागात जहाज जळत होतं, काळा धूर. खालची पट्टी म्हणत होती की शांततेची बोलणी चांगली चालली आहेत. त्याच्यामागून दुसरी ओळ आली. "हल्ल्यात जहाजावरील एका" एवढं वाचलं आणि ती गेली. पट्टी माझ्या वाचण्यापेक्षा जोरात पळते. मग सोन्याचा भाव आला. मग क्रिकेट. मग कुठल्याशा देशात मुलींच्या शाळा परत सुरू झाल्याचं आलं, ते बरं झालं. मग पुन्हा जहाज. "एका भारतीय." गेली. पुन्हा सोनं.

"काकी, मी वाचून सांगू?" शेजारीण म्हणाली.

"मला येतं वाचायला."

तिसऱ्या फेरीला पुरं झालं. जहाजावरील एका भारतीय खलाशाचा मृत्यू. नाव नव्हतं.

"जहाजावर भारतीय किती आहेत ठाऊक आहे?" मी म्हटलं. "चार. यात माझा मुलगा कुठे लिहिलाय?"

"नाही लिहिलाय. पण आमचे हे म्हणाले..."

"तुझा नवरा काय त्या जहाजावर आहे?"

तिला रडू आलं. ती मनाने चांगली आहे, घाई करते एवढंच. तिच्यामागची म्हातारी माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मालवणची. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "गॅस बंद कर गो."

"कित्याक?"

"मयताच्या दिवशी असा करतत काय? आणि बोंबील?"

तेव्हा मला कळलं की गॅस बंद केला तर झालंच. मग ते घर मयताचं. मी दुसरा बोंबील जाळीवर ठेवला. "माझो मुलगो मेलो असा माका कोणी सांगूक नाय," मी म्हटलं. "सांगतील तेव्हा बंद करीन."

पातेल्याचं काय करायचं यावर त्या तिघींचं दाराशीच सुरू झालं. परत न्यावं तर मयत आपल्या घरी येतं. टाकावं तर अन्नाचा अपमान. घरात घ्यावं तर मी घेत नव्हते. शेवटी ते उंबऱ्याबाहेर स्टुलावर ठेवलं, वर छत्री उघडून ठेवली, आणि तिघी आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. मी भाजत राहिले. पावसाळाभर पुरतील म्हणून आणलेले बोंबील होते. एक झाला की दुसरा.

दोनच्या सुमारास सून आली. हिंदमाता नाक्यावर तुंबलेल्या पाण्यातून आली होती, कमरेपर्यंत भिजलेली, चपला हातात, फोन बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत. तिने स्टुलावरचं पातेलं बघितलं, आत बसलेल्या बायका बघितल्या.

"आई, कोण गेलं?"

"माहीत नाही. जहाजावरच्या चौघांतला एक. आधी कपडे बदल."

तिने बदलले नाहीत. गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओल्या अंगानेच खाली बसून जहाज कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. दहा-बारा वेळा लावल्यावर एका बाईने उचलला. ती म्हणाली, घरच्यांना कळवल्याशिवाय आम्ही नाव सांगू शकत नाही.

"मी घरचीच आहे. बायको आहे," सून म्हणाली.

"मॅडम, सकाळपासून फोन करणारा प्रत्येक जण हेच सांगतोय," ती बाई म्हणाली.

तिचंही खोटं नव्हतं.

मी मनात म्हटलं, दुसऱ्या कोणाचा असू दे. हे चांगलं नाही, पण म्हटलं. एकदा नाही, प्रत्येक बोंबील उलटताना म्हटलं. बाकीच्या तीन घरांत तेच म्हणत असतील, आणि त्यांच्या म्हणण्यात माझाच मुलगा मरत असेल. मी बोंबील करपू दिला नाही. खोलीत धूर इतका झाला होता की कोण कशामुळे डोळे पुसतंय ते विचारायची गरज नव्हती.

पावणेचारला सुनेचा फोन वाजला. नंबर परदेशातला. तिचे हात अजून ओले होते की काय, तिला उचलता येईना. मी उचलला.

"आई, मी."

"बोल."

"मी बरा आहे. दुसऱ्या जहाजावर घेतलंय आम्हाला. फोन कॅप्टनचा आहे, दोन मिनिटं मिळतात. मागे लाईन आहे."

"मग माझ्यावर घालवू नको," मी म्हटलं आणि फोन सुनेला दिला.

ती दोन मिनिटं तिने रडण्यात घालवली. मी परत घेतला.

"पाऊस आहे का गो तिकडे?" तो म्हणाला.

"आहे."

फोन बंद झाला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, ज्यांना असा फोन येणार नव्हता त्या चौथ्या घराची आठवण त्या वेळी आली नाही.

मी गॅस बंद केला. बाहेर जाऊन पातेलं आत आणलं. म्हातारी म्हणाली, "आता ह्या खाव नये गो."

"सकाळपासून एका चहावर आहे," मी म्हटलं. पिठल्याबरोबर बोंबील खाल्ला की ते मयताचं राहत नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. पिठलं पुन्हा गरम केलं. पाच जणी बसलो. शेजारणीच्या हाताला लसूण बरोबर जमतो. बाहेर पाऊस धो धो, आत गरम पिठलं-भात आणि बोंबील. म्हातारीने आधी नाही म्हटलं, मग तीन खाल्ले. सून जेवता जेवता मध्येच रडायची आणि परत भात घ्यायची. टीव्ही चालूच होता. शांततेची बोलणी अजून चांगली चालली होती.

बाकीचं मुलाने महिन्याभराने घरी आल्यावर सांगितलं. क्षेपणास्त्र इंजिनाच्या बाजूला लागलं, तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. जो गेला तो इंजिनात कामाला होता, तामिळनाडूचा, मुलापेक्षा लहान. तो रोज उरलेला भात ताकात कालवून मागायचा. लग्न ठरलं होतं. त्याच्या आईला कोणी आणि कधी सांगितलं ते मुलाला माहीत नाही.

जहाजावर चार भारतीय होते. तिघे जगले. त्यात एक माझा मुलगा.