सरकीत उबलेली वही

सखाराम मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘बरं झालं’ असा. अकोल्याहून निरोप घेऊन आलेले त्यांच्या शाळेतले धाकटे मास्तर माझ्याकडे बघतच राहिले, आणि आतून आमची ही बाहेर आली ती ‘अहो, काय बोलता हे? वयाला तरी शोभतं का?’ असं म्हणतच. काय सांगणार होतो मी त्या दोघांना? मला म्हणायचं होतं ते एवढंच, की बरं झालं, गेल्याच महिन्यात मी आळस झटकून अमरावतीहून गाडीत बसलो आणि त्याला भेटून आलो. चाळीस वर्षं पोटात दाबून ठेवलेली एक गोष्ट त्याच्यापुढे ओकून आलो. तेवढं झालं नसतं, तर आज मी रडत बसलो असतो तो सखारामसाठी नव्हे, स्वतःसाठी. आता त्याच्यासाठी मोकळेपणानं रडता येतं, आणि खरं सांगायचं तर हसूही येतं...

आमची ओळख झाली ती कापसाच्या वेडाच्या दिवसांत. तिकडे दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची अशी दाटी, की पलीकडच्या दुकानातून तंबाखू आणायची तर पाऊण तास मोडे. हवेत सगळीकडे रुईचे तंतू. त्याच गर्दीत, एका वखारीला लागून, मास्तर तयार करणारा एक लहानसा वर्ग चालत असे. दोन-चार वर्षं चालून तो बंद पडला. वीसेक विद्यार्थी आम्ही, राहणं-जेवणं तिथंच, मिसरूड फुटलेले, बहुतेक कारकुनांची आणि भटजींची मुलं. घरी खायची मारामार, पण बोलणं मात्र पुण्याहून कालच आल्यासारखं. त्यात माझ्या दुसऱ्या वर्षी हा सखाराम आला. दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, उंच, काळासावळा, मनगटात चांदीचं जाडजूड कडं. त्याच्या बापाला त्या साली कापसानं उचलून धरलं होतं. असा बाप असताना पोरगं मास्तर व्हायला आलं, याचं त्याच्या गावाला हसू आलं होतं आणि आम्हाला पोटदुखी झाली होती. कुणब्याच्या मनगटात चांदी आणि आमच्या सदऱ्याला ठिगळ, हे काही केल्या आमच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आमच्या वर्गात एक रीत होती. नव्या विद्यार्थ्याला आल्या आठवड्यात जेवणाच्या पाटावर उभं करायचं आणि त्याच्याकडून ‘भाषण’ वदवून घ्यायचं. तिला आम्ही ‘पाटपूजा’ म्हणत असू. या पूजेचा पुजारी दिनकर, आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तिखट. ज्याचं बोलणं शुद्ध त्याला दोन वाक्यांत सुटका मिळे. सखाराम बिचारा उभा राहिला आणि म्हणाला, ‘काय बोलू? मले तं काईच नाई येत.’ झालं! तो ‘मले’ आम्ही आठवडाभर पुरवून खाल्ला. एरवी एका आठवड्यात संपणारी पाटपूजा त्याच्या बाबतीत संपेचना. रोज दुपारी, हेडमास्तर जेवायला घरी गेले की पाट पुढे. शिवाय जेवताना त्याची पंगत दाराबाहेर, वर्गात त्याची जागा दाराशी, त्याच्या बैठकीला लागून कुणी बसायचं नाही. तो नुसता बघत राही. ‘काहून हसता भाऊ?’ असं एकदा त्यानं मला विचारलं होतं, अगदी सरळ, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी उठून पाणी प्यायला गेलो.

उत्तर मला माहीत होतं. माझं आजोळ अचलपूरचं, लहानपण अमरावतीत गेलेलं. आदल्या वर्षी त्याच पाटावर मी उभा होतो आणि माझ्याही तोंडून ‘तुले’ निसटला होता. ते पंधरा दिवस आठवले की आजही माझे कान तापतात. मी जीभ घासून घासून साफ केली आणि पुढच्या वर्षी सगळ्यात मोठ्यानं हसायला शिकलो. माझ्याकडे पुन्हा कुणी वळून बघू नये, म्हणून. भेकडपणा म्हणतात तो हाच, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

आता त्या वहीचं. वर्षभर घेतलेल्या प्रत्येक पाठाचं टाचण एका वहीत उतरवायचं आणि परीक्षेआधी ती वही हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायची, असा नियम होता. वही नाही तर परीक्षा नाही. सखाराम वाचताना अडखळे, पण त्याची वही बघून हेडमास्तर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पोरांना शिकवायचं कसं, हे याच्याकडून शिका.’ ते दिनकरला झोंबलं. परीक्षेला बारा-तेरा दिवस राहिले असताना त्यानं मला बाजूला घेतलं. ‘विठ्ठल, दोन दिवस लपव त्याची वही. जरा धावपळ करू दे त्याला.’ मी ‘नको’ म्हणालो असतो तर आभाळ कोसळलं नसतं. मी ‘बरं’ म्हणालो. शेजारच्या वखारीत रेच्याच्या लाकडी रुळांत कापूस पिळून रुई एकीकडे जाई आणि सरकीचा, कापसाच्या बियांचा, हा मोठा ढीग कोपऱ्यात पडलेला असे. त्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालून मी वही खुपसून दिली. दोनच दिवस आधी अवकाळी पाऊस होऊन वखारीचं छप्पर गळलं होतं. ओली सरकी आतून तापते, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी कारकुनाचा मुलगा! मला सरकी म्हणजे म्हशीचं खाणं, यापलीकडे काही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हात घातला आणि चटका बसून ओरडलोच. आत नुसती भट्टी पेटलेली. वही बाहेर काढली ती वाफाळलेली, आंबूस वासाची, पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेली, शाई फुटून सगळीकडे निळंकाळं. सखाराम दोन दिवस वेड्यासारखा तिला शोधत होता. नापास होऊन गावी गेलो तर बाप पुन्हा शाळेचं नाव काढू देणार नाही, सरळ शेतात वखरामागं धाडेल, हे तो कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं. मी काय केलं? तो आंघोळीला गेलेला बघून वही त्याच्या वळकटीवर ठेवली आणि पळालो.

वही घेऊन तो हेडमास्तरांपुढे उभा राहिला तेव्हा आम्ही सगळे वर्गात होतो. हेडमास्तर कडक माणूस. त्यांनी विचारलं, ‘कोणी केलं? नाव सांग, आज त्याला घरी पाठवतो.’ मी मान खाली घालून हातावर फुंकर मारू लागलो. सखारामनं आमच्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, ‘नाव नाई सांगत, साहेब. एक गेला तं बाकीच्यायले वाटन का आपन सुटलो. मले वही पुन्हा लिवू द्या. अन् तो पाट तेवढा बंद करा.’

हेडमास्तरांना पाटाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी एकेकाला विचारून सगळं काढून घेतलं. मग म्हणाले, ‘पाट मी आज बंद करीन. उद्या तुम्ही दुसरं काही काढाल, तर मी काय रोज इथंच जेवायला बसू?’ यावर सखाराम म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडं नवा गोऱ्हा कोनी एकटा जुंपत नाई. जुन्या बैलासंगं जुंपतात. गोऱ्हा बिथरला, पडला, तं लोक जुन्याले पायतात, याचं ध्यान कुठं होतं मनून.’ मागून दिनकर फिसकन हसला. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी नियम केला. नव्या प्रत्येकाला एक जुना जोडीदार. जेवण, अभ्यास, बैठक बरोबर. नव्याला कोणी छळलं तर जाब जोडीदारानं द्यायचा. आणि सखारामला जोडीदार म्हणून त्यांनी नेमकं माझं नाव घेतलं. कारण दिलं ते माझं अक्षर चांगलं असल्याचं.

दहा दिवस. वखारीमागच्या कडुनिंबाखाली तो सांगे आणि मी लिही. मीच बुडवलेली वही मीच पुन्हा लिहीत होतो, आणि तो माझ्याकडे उपकारकर्त्यासारखा बघत होता. निदान मला तरी तसंच वाटत होतं. पहिल्या दिवशी लाजेनं लेखणी हातात धरवत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या नकळत मी त्याला म्हणालो, ‘थांब, हे मले पुन्हा सांग.’ तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि असा खदखदून हसला की झाडावरचे पोपट उडाले! त्या दिवसापासून आमचं अरे-तुरे सुरू झालं. तो परीक्षेला बसला, पास झाला. परीक्षा नव्या-जुन्यांना एकच, तरी माझ्याहून वर नंबर आला. मी कधी इतक्या सुखानं झोपलो नव्हतो. पण ते एक सांगायचं राहूनच गेलं. आज सांगू, उद्या सांगू... पुढे त्यानं अकोल्यात शाळा काढली, तिथंही नव्याला जुना जोडीदार द्यायची रीत ठेवली, माझी बदली होत राहिली, पोरंबाळं झाली, केस गेले. दरवर्षी भेटायचो, आणि दरवर्षी ते वाक्य ओठापर्यंत येऊन परत जायचं.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. पायावर सूज होती, डोळे मात्र तसेच. वहिनी चहा ठेवून आत गेल्या आणि मी एका दमात बोलून टाकलं. ‘सखाराम, ती वही सरकीत मी ठेवली होती.’

‘हो,’ तो म्हणाला. ‘मालूम हाये मले.’

‘मालूम आहे? कधीपासून?’

‘तवाच्यापासून. तुह्या हाताची कातडी लाल झाली होती कोपरापर्यंत. सरकीत हात घातल्याबिगर तशी होते काय? वर्गात फुंकर मारून राहिला होता हातावर. मी पायलं.’

मी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणालो, ‘आणि तरी मला जोडीला घेतलंस?’

‘घेतलं नाई, मागून घेतलं. साहेबाले मीच मनलं, मले इठ्ठल द्या.’ मग चहाचा घोट घेत म्हणाला, ‘ज्याचा हात भाजला त्यालेच तं समजते ना, आत किती तापलं हाये ते.’

‘मग चाळीस वर्षं मला का जाळलंस रे बाबा?’

‘तू विचारलं कुठं?’ तो म्हणाला, आणि खोकला येईपर्यंत हसला. मी रडत होतो आणि हसतही होतो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो आणि येताना शाळेत डोकावलो. नवं वर्ष सुरू होणार होतं. त्याच्या खोलीत टेबलावर या वर्षीच्या जोड्यांची यादी होती, आजारपणातच करून ठेवलेली. अक्षर थरथरतं, पण एकही नाव गाळलेलं नाही. नव्याचं नाव, त्यापुढे जुन्याचं. त्याच धाकट्या मास्तरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ही एक जोडी बदलावी म्हणतो. हा नवा मुलगा चांभारवाड्यातला आहे, घाबरट आहे. आणि हा जुना म्हणजे नुसता दांडगा. गेल्या वर्षी नव्या पोरांना सगळ्यात जास्त यानंच छळलं. मास्तरांची चूक झाली असेल, आजारी होते...’

मी चष्मा लावून ती दोन नावं पुन्हा वाचली.

‘चूक नाही,’ मी म्हणालो. ‘ती जोडी तशीच राहू द्या.’