लिओकादिओच्या एकशे दहा चिठ्ठ्या

सांता इनेसच्या साखर कारखान्याच्या बेसबॉल संघातून लिओकादिओ थेलवेल चौदा हंगाम खेळला. त्यातल्या बारा हंगामांत त्यानं मैदानात उभं राहून एकही चेंडू अडवला नाही. आपली पाळी आली की बॅट घेऊन जायचं, चेंडू कुटायचा आणि परत येऊन बाकावर शेंगदाणे सोलत बसायचं. याला म्हणतात नेमलेला फलंदाज. चेंडू फेकणाऱ्या पिचरला बॅट धरता येत नाही, म्हणून त्याच्या जागी हा. नियमात सगळं बसतं. पण गावातल्या टोचून बोलणाऱ्यांना नियमाशी काय देणंघेणं? आणि सांता इनेसमध्ये या लोकांचं पीक उसापेक्षा जोमदार.

"जेवायला पहिला, भांडी घासायच्या वेळी गायब!" न्हावी सेनोन त्याच्या तोंडावर म्हणायचा.

"आणि तू रे? केस तेवढे कापतोस, नखं नाही कापत. मग तू अर्धा न्हावी का?"

सेनोन कात्री वाजवत हसायचा. मत मात्र तो बदलायचा नाही.

एकशे अठरा होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले चेंडू. त्यांतला एक कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर आदळला, तो पोचा अजून दिसतो. शेवटच्या डावात दोन गडी बाद असताना या माणसानं कधी घाईनं बॅट फिरवली नाही. इतरांना मैदानात धावून अंग गरम ठेवता येतं. हा तासभर बाकावर थंड बसून एकदम उठायचा आणि ताशी नव्वद मैलांच्या चेंडूसमोर उभा राहायचा. ते सोपं वाटणाऱ्यानं एकदा करून बघावं.

त्याला हवं होतं ते एवढंच. जुन्या क्लबातल्या अमरांच्या दालनात भिंतीवर आपला फोटो. दालनाची रीत ठरलेली. अकरा पंच, आठ मतं लागतात. नाव दहा वर्षं ठेवता येतं, मग कायमचं बंद. दर वर्षी प्रत्येक पंच एका चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहितो, खाली एका ओळीत कारण. सही नाही. चिठ्ठ्या फक्त चिटणीस बघतो आणि आकडा जाहीर करतो. दहा वर्षांत ज्याचं जमलं नाही, त्याला त्या सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून देतात. त्यानं त्या न वाचता अंगणात जाळायच्या, आणि काडी ओढायची त्याचं नाव सुचवणाऱ्यानं. मनात किल्मिष राहू नये म्हणून ही रीत. आजवर कुणी पाकीट फोडलं नव्हतं.

लिओकादिओचं नाव दहाही वर्षं सुचवलं ते एवारिस्तो पेनियानं. लिओकादिओच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून एवारिस्तोच उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाई' म्हणायचे. दोघंही मुळात पहिल्या बेसवर उभं राहून चेंडू झेलणारे. शहात्तर साली नवा व्यवस्थापक आला आणि म्हणाला, पहिल्या बेसवर एकच राहील. त्या संध्याकाळी एवारिस्तो लिओकादिओच्या दारात येऊन अक्षरशः रडला.

"कोंपाई, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, मला माहीत आहे. पण तुला बॅट आहे. माझ्याकडे काय आहे? मला काढलं तर परत ऊस तोडायला जावं लागेल."

लिओकादिओनं जागा सोडली. वर स्वतःचा ग्लोव्हही दिला, कारण एवारिस्तोचा फाटला होता. लिओकादिओची करंगळी लहानपणी बैलगाडीखाली सापडून वाकडी झालेली, म्हणून नव्या नवरीच्या उत्साहात त्याच्या बायकोनं, ओनेलियानं, त्या ग्लोव्हची करंगळी उसवून लाल दोऱ्यानं पुन्हा शिवली होती. तोच ग्लोव्ह आज दालनात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी: एवारिस्तो पेनिया, पहिला बेस. एवारिस्तो स्वतःच्या सहाव्या वर्षी अमर झाला, मग लिओकादिओचं नाव पुढे यायच्या आधीच पंचही झाला.

पहिल्या वर्षी लिओकादिओला चार मतं पडली. मग पाच, सहा. शेवटची तीन वर्षं सात. दर वर्षी एवारिस्तो क्लबात उभा राहून त्याच्यासाठी असं भाषण करायचा की बायका डोळे पुसायच्या. निकाल लागला की घरी येऊन खांद्यावर हात टाकायचा; शेवटची तीन वर्षं म्हणायचा, "एका मतानं, कोंपाई! एका मतानं! कोण हा हरामखोर, कळला तर नरडं दाबीन."

दहाव्या वर्षीही सातच. रविवारी दुपारी एवारिस्तो काडी ओढायला येणार होता. सकाळी लिओकादिओ पाकीट घेऊन अंगणात आंब्याखाली बसला. ओनेलिया आत यानिकेके नावाच्या पुऱ्या तळत होती.

"फोडू नकोस हं ते," ती खिडकीतून म्हणाली.

"एकच काढून घेतो. कोंपाईची. त्याचं अक्षर मी ओळखतो, संघाच्या याद्या तोच लिहायचा. त्याचे चांगले शब्द कशाला जाळू? एक ठेवतो बायबलात."

एकशे दहा चिठ्ठ्या. त्यानं 'हो' लिहिलेल्या वेगळ्या केल्या. त्यांत ते अक्षर नव्हतं. पुन्हा बघितल्या. मग, काहीतरी चूक झाली असेल म्हणत, 'नाही'च्या उचलल्या. वरच्याच चिठ्ठीवर ते अक्षर होतं, लांब शेपटीचं, उजवीकडे कललेलं. "नाही. ग्लोव्ह न घालणारा अर्धाच खेळाडू." दुसऱ्या वर्षीची: "नाही. क्षेत्ररक्षण शून्य." अशा दहा. दहाही वर्षं, भाषण संपवून खुर्चीत बसल्यावर लिहिलेल्या.

ओनेलिया यानिकेकेची ताटली घेऊन बाहेर आली. त्याचा चेहरा बघून तिनं ताटली जमिनीवरच ठेवली. त्यानं चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. तिनं सगळ्या वाचल्या आणि म्हणाली, "माझा लाल दोरा त्याच्या पेटीत आणि तू अर्धा!" मग ती आत जाऊन मोठ्यानं रडली. लिओकादिओला रडू आलं नाही. तो चिठ्ठ्या परत पाकिटात भरत बसला.

दुपारी एवारिस्तो रमची बाटली घेऊन आला. धुतलेला शर्ट, चेहऱ्यावर तयार दुःख.

"वाचल्या नाहीस ना?"

"तुझी शोधत होतो. ठेवायला."

एवारिस्तो खुर्चीत बसला. त्यानं बाटलीचं बूच काढून पुन्हा लावलं.

"कोंपाई, तू आत गेला असतास तर लोकांनी विचारलं असतं, याला कुणी बसवलं बाकावर? मग तो ग्लोव्ह बघितला असता. तो लाल दोरा. माझ्याकडे त्याशिवाय आहे काय?"

"शहात्तर सालीही हेच म्हणाला होतास."

"मला माफ कर."

"करतो. तो ग्लोव्ह आणून दे. माझा आहे. नाहीतर निदान कुणाचा ते पाटीवर लिही."

एवारिस्तोनं मान खाली घातली. कोंबड्या यानिकेके टोचत होत्या, कुणी हुसकावलं नाही.

"दुसरं काहीही माग, कोंपाई."

लिओकादिओ उठला. त्यानं पाकीट त्याच्या पुढ्यात टाकलं. "मग ओढ काडी. रीत आहे."

एवारिस्तोनं काडी ओढली. इतरांच्या चिठ्ठ्या त्यानं मुठीनं टाकल्या; स्वतःच्या मात्र एकेक करून, प्रत्येक पुरती काळी होईपर्यंत काठीनं दाबत. सात, आठ, नऊ. मग त्यानं पाकीट उलटं करून झटकलं, खुर्चीखाली बघितलं, ओल्या मातीत बोटं फिरवली.

"एक कमी आहे."

"एक ठेवणार होतो ना," लिओकादिओ म्हणाला. "ठेवली."