लॉबीतलं चित्र आणि आमचं निळं पिंप

लालबागची चाळ सोडली त्या सकाळी खाली टेम्पो भरत होता आणि मी समोरच्या फुटपाथवर ईझल लावून उभी होते. आई गॅलरीतून ओरडली, "अगो, चित्र मगे काढ, आधी पिंप खाली घे!" आमच्या दाराबाहेरचं पाण्याचं निळं पिंप. ते चित्रात रंगवून झालं, तेव्हाच मी वर गेले.

तीस वर्षं मी निसर्गचित्रं काढतेय. जागेवर बसून, दिसतं तेवढंच. खाड्या, घाट, भातशेतं पुष्कळ केली. प्रदर्शनांत लोकांना तीच हवी असायची. लालबाग कुणी मागितलं नाही. म्हणून चाळीच्या जागी टॉवर उभा राहिल्यावर तुम्ही चाळकरी म्हणालात, चाळीचं चित्र लॉबीत लावू, तेव्हा मी हुरळून गेले.

पुढच्याच मीटिंगला तुमची यादी आली. वाळत घातलेले कपडे नकोत. ओल आलेली भिंत नको. आमचे भिंतीपलीकडचे शेजारी नाना आता सोसायटीचे सेक्रेटरी, ते म्हणाले, "अगं, पाहुणे येतात. ते पिंप कशाला दाखवायचं?" नाना, पाणी गेलं की त्याच पिंपातली कळशी तुमच्याकडे यायची. विसरलात? आणि खोल्या विकून विरार-बदलापूरला गेलेले तुम्ही, तुम्हीसुद्धा ग्रुपवर 'नाना बरोबर बोलतात' लिहून मोकळे झालात. लाज कसली वाटली तुम्हाला, पाणी भरून ठेवल्याची?

खरा संताप माझा मलाच येतो. कुणाच्या सांगण्यावरून झाडाची फांदी न हलवणारी मी, चित्र लागावं म्हणून एका दुपारी चित्रातल्या पिंपावर भिंतीचा पिवळट रंग चढवून बसले.

चित्र लागलं तेव्हा आईला हाताला धरून खाली आणलं. चित्रातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून तिचं बोट फिरत राहिलं. सगळी दारं सारखीच. "आपला पिंप खंय? मगे ह्या आपला दार न्हय," म्हणाली आणि लिफ्टकडे वळली. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही.

बाविसाव्या मजल्यावर नळाला चोवीस तास पाणी आहे, त्याचं सुख मी नाकारत नाही. पण आईला जिथं स्वतःचं दार सापडत नाही, त्याला घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. येत्या रविवारी रंगांची पेटी घेऊन मी लॉबीत येतेय. नाना, वॉचमनला सांगून अडवायचं तर खुशाल अडवा. आई खुर्ची टाकून शेजारी बसणार आहे, निळा बरोबर जमलाय का ते सांगायला.