कचरा म्हणा, नाहीतर लाकूड म्हणा

“हा कचरा न्हाय मॅडम, लाकूड हाय. गाडी मागं घ्या.”

कचरा डेपोच्या गेटवरच्या साहेबांनी माझ्या टेम्पोतून मूठभर ढलप्या उचलल्या, वास घेतला आणि निकाल दिला. मागे गाड्यांची रांग लागलेली.

मी कोल्हापुरात झाडांची छाटणी करून देते. बंगले, सोसायट्या, शाळा. बुंधे आणि जाड फांद्या वखारवाले नेतात. बारीक फांद्या आम्ही चिपर नावाच्या यंत्रात घालतो, त्यातून बोटभर ढलप्या बाहेर पडतात. झाड छाटून सगळ्यांनाच हवं असतं. ढलप्या कुणालाच नको असतात.

“साहेब, लाकूड असतं तर ते मी कचऱ्यात कशाला टाकलं असतं?”

“आमच्या मशीनमध्ये अडकतंय ते. वरनं सांगितलंय.”

मी गाडी मागे वळवली. हायवेवर वनखात्याच्या एका पथकानं गाडी अडवली.

“लाकूड दिसतंय. पास कुठाय?”

मी छाटणीची परवानगी पुढे केली.

“ही छाटायची झाली. न्यायची कुठाय?”

“साहेब, हा कचरा आहे.”

“मग डेपोत टाका की!”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, डेपोत फोन लावा आणि तुम्ही दोघं मिळून काय ते ठरवा. फोन लावायला त्यांना वेळ नव्हता. मला उन्हात दोन तास ताटकळत ठेवायला मात्र होता. शेवटी कंटाळून सोडलं.

गडमुडशिंगीला परतले तर आक्काताई कमरेवर हात ठेवून उभ्या. चिपर लावायची आणि ढलप्यांचा ढीग टाकायची आमची जागा त्यांचीच, भाड्यानं घेतलेली. शेजारी त्यांचा म्हशींचा गोठा आणि कडब्याची गंजी.

“ढिगातनं धूर निघतोय. माझी गंजी पेटली म्हंजे?”

धूर नव्हता, वाफ होती. ओल्या ढलप्यांचा ढीग कुजायला लागला की आतून तापतो. घाबरण्यासारखं काही नाही हे दाखवायला मी ढिगात हात घातला आणि चटका बसला तसा झटकन बाहेर काढला. तिथंच माझी बाजू संपली.

“आठ दिवसांत ढीग हलवा, न्हायतर जागा सोडा.”

जागा गेली तर चिपर कुठं लावणार? माझ्याकडे सहा माणसं कामाला होती. सगळ्यांची घरं यावर चालत होती.

ढलप्या जळणाला घेता का विचारलं, तर वीटभट्टीवाला म्हणाला, ओलं नको. ‘चुलीवरचं मटण’ असा हा मोठा बोर्ड लावलेल्या हॉटेलात गेले, तर मालकानं मागं नेऊन गॅसची शेगडी दाखवली. चूल दारात, फोटोपुरती! गावभर खोटी चूल चालते, पण खऱ्या लाकडाला जागा नाही, याचा मला भयंकर संताप आला.

निदान ढीग थंड तरी व्हावा म्हणून आम्ही ढलप्या जागाभर पातळ पसरल्या. सकाळी बघते तर आक्काताईंच्या चार म्हशी त्यावर पाय मुडपून रवंथ करत बसलेल्या. आक्काताई काठी घेऊन धावत आल्या आणि मध्येच थांबल्या.

“बसल्यात की निवांत! गोठ्यातल्या कोब्यावर घसरत्यात वो. परवा एक पडली बी.”

“मग गोठ्यात टाकू का थोड्या?”

“टाका चार बुट्ट्या. पर काटा नको. आन् कण्हेर आली तर गाठ माझ्याशी हाय.”

बरोबरच होतं. कण्हेर जनावराला विषारी. तेव्हापासून आम्ही कण्हेर आणि बाभूळ आधीच बाजूला काढतो. बाकीच्या ढलप्या वाळवून गोठ्यात पसरतो. त्या शेण-मूत शोषून घेतात, गोठा कोरडा राहतो आणि काही महिन्यांनी त्यांचं खत होतं. आक्काताईंचं बघून आजूबाजूच्या गोठ्यांतूनही बोलावणं आलं. आज ढीग उरत नाही. जागाही राहिली आणि माणसंही.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ गच्चीतल्या कुंड्यांसाठी दोन पोती खत न्यायला आक्काताईंकडे आले. डेपोच्या गेटवरचे साहेब! त्यांनी मला ओळखलं नाही. मी बरं विसरेन?

“साहेब, यात लाकूड आहे. पास आणलाय का?”

त्यांनी मूठभर उचललं, वास घेतला.

“कसलं लाकूड मॅडम? शेणखत हाय हे.”

निकाल द्यायची पद्धत तीच होती. फरक इतकाच, की या वेळी ते त्यांना घरी न्यायचं होतं.